तार, फायबर आणि ‘जोडलेले’ गाव

शासकीय योजनांचा इतिहास वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. ‘जोडणे’ हे त्यांपैकी एक. नागपूरच्या बाबतीत ते दीडशे वर्षे जुने आहे.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. रूळ आणि तारा यांनी शहर जोडले गेले, ते मुख्यत्वे कापूस व कारभार यांसाठी. ज्याचा कापूस वाघिणींतून जाई, त्याच्या घरी तार आलीच तर बहुधा मरणाची, आणि तीही दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडावयाच्या होत्या. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण फायबर मुदतीत पोचले नाही. पुढे योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींसाठी डिसेंबर २०१७ उजाडला. दरम्यान, २०१६ मध्ये नागपूर हा देशातील पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला होता.

येथे मोजमापाचे एकक पाहावे. ते ग्रामपंचायत होते, घर नव्हे. केबल पंचायतीच्या कचेरीत आली की गाव जोडले गेले. वीज, देखभाल, कचेरीपासून उंबऱ्यापर्यंतचे अंतर या बाबी त्या आकड्यात मावत नव्हत्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील, मेळघाटातले हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी याच दाव्याची उलटतपासणी व्यासपीठावरून केली. वादात गाव पुराव्यादाखल आले. तिथल्या कोरकूंचे म्हणणे मात्र त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित आराखडा मंजूर झाला. त्यात देखभाल आणि ग्रामीण घरांच्या जोडण्या आल्या. बारा वर्षांनी ‘जोडणे’ या शब्दाचा अर्थ कागदोपत्री दुरुस्त झाला, असे म्हणता येईल.

‘गाव जोडले गेले’ या कर्मणी वाक्यात कर्ता लुप्त असतो, आणि जोडणी कोणत्या टोकाकडून मोजली तेही. मंत्रालयाच्या टोकाचा इतिहास छापील आहे. दुसऱ्या टोकाचा ग्रामसभांच्या इतिवृत्तांत शोधावा लागेल. ती इतिवृत्ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावीत. तिथली मराठी घोषणांच्या मराठीहून निराळी असते.