अश्वशक्तीचा आकडा आणि त्यामागील अट : शक्तिमापकाच्या इतिहासातील एक प्रश्न

मोटारीच्या एंजिनाची अश्वशक्ती हा त्या एंजिनाचा अंगभूत गुण आहे आणि शक्तिमापक यंत्र तो केवळ वाचून दाखविते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लोखंडाच्या तुकड्याचे वजन जसे त्याच्याच ठिकाणी असते, तशी ही शक्तीही एंजिनात साठलेली असते असे मानले जाते. शक्तिमापनाचा दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. अश्वशक्तीचा आकडा हा प्रत्येक काळी कोणत्या तरी कराराचा परिणाम होता : कोणते एकक घ्यावयाचे, शक्ती कोठे मोजावयाची आणि मोजताना एंजिन कोणत्या स्थितीत ठेवावयाचे, यांविषयीचा करार. हा करार उघड असे तोवर आकड्याला अर्थ होता; तो दृष्टीआड झाला की आकडा फसवा ठरला. मालकाने फेरफार करून घेतलेली मोटार शक्तिमापकाच्या रुळांवर चढते, तेव्हा या इतिहासातील सर्व प्रश्न एकदम उभे राहतात.

एककाचा उगमच मुळी व्यापारी होता. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांच्या चक्रगती एंजिनांचे गिऱ्हाईक म्हणजे गिरणीमालक. त्यांच्या गिरण्या तोवर घोड्यांवर चालत. आपले एंजिन किती घोड्यांचे काम करील, एवढेच त्यांना हवे होते. वॉटने १७८२-८३ च्या सुमारास गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला. घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंड जोराने ओढतो, असे धरले असता मिनिटाला सुमारे ३२,५७० फूट-पौंड काम होते. सोयीसाठी ही संख्या ३३,००० करण्यात आली. सामान्य घोड्याला दिवसभर एवढे काम झेपत नाही. तथापि वॉटचा उद्देश प्राणिशास्त्राचा नव्हता; विकणारा आणि घेणारा या दोघांनाही मान्य होईल असे माप त्याला हवे होते. पुढे युरोप खंडात सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर हे माप रूढ झाले. ते ७३५.५ वॉट भरते, तर ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॉट. म्हणजे अश्वशक्ती हा शब्द एकच राहिला, पण त्यामागील घोडे दोन झाले.

एकक ठरले तरी फिरत्या दंडावरील शक्ती प्रत्यक्ष मोजावी कशी, हा प्रश्न उरलाच. ‘डायनामोमीटर’ हे नाव प्रथम एका निराळ्या उपकरणास मिळाले. एद्म रेनिये या फ्रेंच कारागिराने १७९८ मध्ये वर्णन केलेल्या त्या उपकरणात पोलादी स्प्रिंग असून माणसांचा व जनावरांचा जोर त्यावर मोजला जाई. परंतु जोर म्हणजे शक्ती नव्हे. तो किती वेगाने लावला जातो हेही कळावे लागते. ही अडचण गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये दूर केली. त्याने फिरत्या दंडाभोवती लाकडी ठोकळे आवळून बसविले आणि त्यांना एक लांब दांडी जोडली. घर्षणामुळे दांडी दंडाबरोबर फिरू पाही. तिच्या टोकाला वजन टांगून तिला आडवी स्थिर ठेवण्यात येई. ते वजन आणि दांडीची लांबी यांचा गुणाकार म्हणजे दंडाचा पीळ, अर्थात टॉर्क. फेऱ्या मोजल्या की शक्तीचे गणित पूर्ण होई.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या पद्धतीच्या शक्तिमापकावर मोजला जातो तो टॉर्क आणि मोजल्या जातात त्या फेऱ्या. अश्वशक्ती ही त्यांवरून काढलेली संख्या होय. ब्रिटिश मापांत पौंड-फुटातील टॉर्कला मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ५,२५२ ने भागले की अश्वशक्ती मिळते. हा भाजक म्हणजे वॉटच्या ३३,००० ला पायच्या दुपटीने भागून आलेली संख्या. म्हणूनच या मापांत काढलेल्या कोणत्याही आलेखावर टॉर्क आणि अश्वशक्ती यांच्या रेषा ५,२५२ फेऱ्यांपाशी एकमेकींना छेदतात. समान मोजपट्टीवर काढलेल्या ज्या आलेखात त्या तेथे मिळत नाहीत, तो आलेख चुकलेला आहे असे खुशाल समजावे.

प्रोनीच्या साधनात सारी शक्ती घर्षणाने उष्णतेत जाई, त्यामुळे मोठ्या एंजिनांपुढे लाकडाचा टिकाव लागत नसे. विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये जहाजांच्या एंजिनांसाठी पाण्याचा शक्तिमापक मांडला. त्यात चक्राच्या व कवचाच्या पोकळ्यांमधील पाण्याचे भोवरे रोध उत्पन्न करीत आणि निर्माण होणारी उष्णता वाहत्या पाण्याबरोबर निघून जाई. पुढे विद्युत् जनित्राचा आणि आवर्त प्रवाहांचाही रोधक म्हणून उपयोग होऊ लागला. साधने बदलली, तत्त्व मात्र प्रोनीचेच राहिले.

मोजण्याचे साधन हाती असूनही ते बाजूस ठेवण्याचा मोह राज्यकर्त्यांना कसा झाला, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. १९१० पासून तेथे मोटारींवरील कर रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या सूत्राने आकारला जाऊ लागला. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग घ्यावयाचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि २.५ ने भागावयाचे, एवढेच ते सूत्र होते. दट्ट्याचा वेग मिनिटाला १,००० फूट हे त्यातील एक गृहीत. दट्ट्याच्या धावेला सूत्रात स्थानच नव्हते. १९२१ पासून दर अश्वशक्तीला एक पौंड कर बसला आणि कारखानदारांनी व्यास लहान व धाव लांब असलेली एंजिने घडविण्यास सुरुवात केली. १९२२ च्या ‘ऑस्टिन सेव्हन’च्या नावातील सात ही करातील अश्वशक्ती होय, तिच्या एंजिनाची प्रत्यक्ष शक्ती त्याहून अधिक होती. १९४७-४८ मध्ये हा कर गेला. तोवर एका सूत्राने एका देशाच्या एंजिनांचा आकारच ठरवून टाकला होता.

फेरफार केलेल्या मोटारींचा शक्तिमापनाशी घनिष्ठ संबंध आला तो अमेरिकेत. १९३२ साली फोर्ड कंपनीने २२१ घन इंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरी एंजिन स्वस्त मोटारीत बसविले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्यावर अधिक कार्ब्युरेटर, नवे मॅनिफोल्ड आणि निराळे कॅमदंड बसवून कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर वेगाच्या चाचण्या सुरू केल्या. आरंभी सरोवरावरील घड्याळ हाच त्यांचा परीक्षक होता. परंतु वारा, जमीन आणि चालक यांचा परिणाम वगळून कोणत्या फेरफाराने किती लाभ झाला, हे घड्याळ सांगू शकत नसे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक एडेलब्रॉक यांच्यासारख्या लॉस एंजेलिसच्या कारखानदारांनी शक्तिमापक बसविला, तो याच गरजेपोटी. एक भाग बदलावयाचा, बाकी सारे तसेच ठेवावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे, ही प्रयोगशाळेची शिस्त अशा रीतीने गॅरेजात आली.

मोठ्या कारखान्यांचे जाहीर आकडे त्या काळी या शिस्तीपासून दूर होते. ‘ग्रॉस’ पद्धतीत एंजिन उघडे चालविले जाई. हवागाळणी, मोटारीचा सायलेन्सर, पंखा वगैरे उपांगांचा भार त्यावर नसे. १९७२ पर्यंत अमेरिकन कारखान्यांनी ‘नेट’ पद्धत स्वीकारली. तीत एंजिन मोटारीत असते तशा साजानिशी मोजले जाते. कॅडिलॅक एल्डोराडोच्या १९७१ च्या एंजिनाला पहिल्या पद्धतीने ३६५ आणि दुसरीने २३५ अश्वशक्ती देण्यात आली. एंजिन तेच, वर्ष तेच. बदलली ती केवळ अट.

तिसरी अट हवेची. एंजिन हवा ओढते आणि हवा विरळ असेल तर शक्ती घटते. सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरात साधे एंजिन आपल्या शक्तीचा सहावा हिस्सा सहज गमावते. म्हणून वाचन प्रमाण हवेवर आणून मांडतात. पण प्रमाणही एक नाही. जुने अमेरिकन प्रमाण ६० अंश फॅरनहाइट आणि २९.९२ इंच पारा असे होते; नंतरचे २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल असे आहे. एकाच चाचणीचा आकडा जुन्या प्रमाणाने सुमारे ४ टक्के मोठा दिसतो.

गॅरेजांत विशेष प्रसार झाला तो रुळांच्या शक्तिमापकाचा. यात एंजिन उतरवावे लागत नाही. मोटारीची चाके रुळांवर फिरतात. म्हणून येथे मिळते ती चाकांपाशी उरलेली शक्ती; गिअरपेटी, डिफरन्शियल आणि टायर यांतील व्यय आधीच वजा झालेला असतो. जडत्वाच्या प्रकारात जड रूळ किती त्वरेने वेग घेतो यावरून शक्ती काढतात. त्यातही एक बारकावा आहे. एखाद्याने केवळ हलके फ्लायव्हील बसविले तरी असा शक्तिमापक वाढलेली शक्ती दाखवितो, कारण मोटारीचे स्वतःचे भाग फिरविण्यात कमी शक्ती खर्च होते. स्थिर वेगावर भार देणाऱ्या शक्तिमापकावर ही वाढ दिसणार नाही. दोन्ही यंत्रे खरी. त्यांना विचारलेले प्रश्न निराळे.

असे असूनही रुळांवरील मापनाची किंमत कमी लेखता येत नाही, हे १९९९ साली दिसून आले. फोर्डच्या मस्टँग कोब्रा या मोटारीची जाहीर शक्ती ३२० अश्वशक्ती होती. काही मालकांनी आपल्या मोटारी रुळांवर चढविल्या तेव्हा आलेले आकडे मार्गातील व्यय धरूनही त्या दाव्याशी जुळेनात. कंपनीने विक्री थांबविली, विकलेल्या मोटारी परत बोलावून त्यांत हवा घेण्याच्या व धूर सोडण्याच्या मार्गांत दुरुस्त्या केल्या आणि एंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलली. ज्या साधनाकडे कारखान्यांचे तज्ज्ञ साशंक नजरेने पाहू शकले असते, त्यानेच येथे गिऱ्हाइकाची बाजू खरी ठरविली. २००५ पासून अमेरिकेत त्रयस्थ साक्षीदारासमक्ष मोजलेल्या शक्तीलाच प्रमाणित म्हणण्याची ऐच्छिक व्यवस्था आली, तिचा अर्थही या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो.

यावरून फलित होते ते असे. फेरफार केलेल्या मोटारीचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. फेरफारापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन आकडे, एकाच यंत्रावर, एकाच गिअरमध्ये, टायरांत सारखाच दाब ठेवून आणि हवेचे एकच प्रमाण लावून घेतलेले असतील, तर त्यांतील अंतर विश्वसनीय असते. आणि अश्वशक्तीच्या शिखराबरोबर टॉर्कची संपूर्ण रेषा पाहिली, तर लाभ कोणत्या वेगाला झाला व कोठे हानी झाली, हेही उमगते. वॉटचा घोडा प्रत्यक्षात कोणत्याही तबेल्यात नव्हता. तरीही त्याच्या आधारे प्रामाणिक व्यवहार होऊ शकला, कारण त्या घोड्याची व्याख्या दोन्ही पक्षांना ठाऊक होती. शक्तिमापनाच्या सगळ्या सुधारणांनी साधले ते हेच, की आकड्याबरोबर त्याची अटही नोंदली जावी.