कीचकाचे दोन वध



चित्रपट पाहून आपण कधीं भ्यालोंच नाहीं असें सांगणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. माझ्या लहानपणीं गांवच्या जत्रेंत तंबूचा सिनेमा येत असे. आम्ही मुलें पडद्याच्या अगदीं पुढें, जमिनीवर बसकण मारून तो पाहत असूं. एके वर्षीं कोणत्याशा पौराणिक चित्रांत राक्षसाचें तोंड वाढत वाढत पडदाभर झालें, आणि मी जो उठून पळालों तो तंबूच्या दोरांत पाय अडकून पडलों. घरीं सर्वजण पोट धरून हंसले. आजोबा मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "आम्ही पुण्यास आर्यन थिएटरांत याहून मोठ्यानें ओरडलों आहों."

आजोबांचें तें ओरडणें १९२० सालच्या फेब्रुवारींतलें. चित्रपट होता 'सैरंध्री'. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचें हें पहिलें चित्र, व त्याचे कर्ते बाबूराव पेंटर. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यांचे बंधु आनंदराव यांनीं कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला होता. परंतु १९१६ सालीं आनंदराव वारले. पुढें बाबूरावांनीं दामले यांच्या साह्यानें तें काम तडीस नेलें. १९१३ सालीं फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रां'तील तारामती साळुंके नांवाच्या पुरुषास व्हावें लागलें होतें. कोल्हापूरकरांनीं मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करविल्या. या धाडसाबद्दल त्या स्त्रियांना समाजाकडून जें ऐकावें लागलें असेल त्याची कल्पनाच केलेली बरी.

कीचकाची कथा महाराष्ट्रास नवी नव्हती, आणि निरुपद्रवी तर मुळींच नव्हती. खाडिलकरांचें 'कीचकवध' नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हें प्रेक्षकांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. सरकारासही तें कळलें, व १९१० सालीं नाटकावर बंदी आली. म्हणजे प्रथम कीचकास भ्यालें तें सरकार! दहा वर्षांनीं तोच कीचक पडद्यावर आला तेव्हां भिण्याची पाळी प्रेक्षकांवर आली.

भीम कीचकास ठार करितो तो प्रसंग बाबूरावांनीं इतका हुबेहूब घेतला होता कीं, थिएटरांत किंकाळ्या उठल्या. आजोबा तेव्हां पंधरा वर्षांचे होते. ते सांगत कीं, आपल्या बांकावरील सर्व पोरांची अशी बालंबाल खात्री झाली होती कीं एक खराच मनुष्य मारला गेला. नाटकांत कीचक मेला तरी तोच नट दुसरे दिवशीं पेठेंत भाजी घेतांना दिसतो. पडद्यावरच्या कीचकाची अशी ओळख कोणास होती? शिवाय छायाचित्र हा त्या काळीं पुरावा मानला जात असे. जें घडलें नाहीं त्याचें छायाचित्र निघेल तरी कसें, असा साधा हिशेब. कॅमेरा मध्येंच थांबवून माणसाच्या जागीं पुतळा ठेवितां येतो, ही युक्ति पोरांना कोण सांगणार! चित्रपट-परीक्षणाचा कायदा १९१८ सालचा असून तो १९२० पासून अमलांत आला होता. या प्रसंगास त्याची कात्री लागली. लोकमान्यांनीं मात्र बाबूरावांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविलें.

पॅरिसच्या प्रेक्षकांविषयींही अशीच एक कथा सांगतात. ल्युमिएर बंधूंची आगगाडी पडद्यावर येतांच लोक खुर्च्या सोडून पळाले म्हणे. अभ्यासक आतां तिला दंतकथा समजतात. त्याच बंधूंचीं सहा चित्रें मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं, एक रुपया दरानें दाखविलीं गेलीं. रुपया मोजणारे पळत नसावेत!

आतां दुसऱ्या वधाकडे येऊं. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही सर्व मंडळी बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेली. त्यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारींत १९२९ सालीं कोल्हापुरांतच 'प्रभात' काढली, आणि १९३३ सालीं गुरूचीच 'सैरंध्री' पुन्हा केली. या वेळीं ती बोलूं लागली होती, आणि रंगीतही होती. रंगाचें रासायनिक काम जर्मनींत करवून आणिलें. एवढा खटाटोप करूनही रंग मनाजोगे उतरले नाहींत. आजोबांनीं ती पाहिली होती. त्यांचा अभिप्राय एवढाच, "कीचक रंगला, पण मेला नाहीं."

पुन्हा चित्र काढणें नेहमींच व्यर्थ असतें असें मी म्हणत नाहीं. फाळक्यांनीं 'हरिश्चंद्र' १९१७ सालीं पुन्हा घेतला. पहिल्याची प्रत नष्ट झाली होती असें सांगतात, आणि तसें असेल तर दुसरा इलाज काय होता? त्याच कथेवर 'प्रभात'नें १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' काढला, तोही योग्यच होता. मराठी पडद्यास नुकती वाचा फुटत होती, आणि सर्वांस ठाऊक असलेल्या कथेवर आवाज अजमावणें सोयीचें होतें. खुद्द बाबूरावांनीं आपला १९२५ सालचा 'सावकारी पाश' १९३६ सालीं बोलका केला. तेथें मात्र माझें मन घुटमळतें. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याचें दुःख मुकेंच अधिक बोलत नव्हतें काय?

हल्लींच्या उदाहरणांस तोटा नाहीं. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ सालीं आला, व दोनच वर्षांत हिंदींत त्याचा 'धडक' झाला. करमाळ्याकडील माती, तेथली बोली आणि जातीची धार हेंच त्या चित्राचें प्राणतत्त्व होतें. तें सर्व उदेपुरास नेतां नेतां वाटेंत बरेंच सांडलें. शेवटचा प्रसंग मीं दोन्हीकडे पाहिला. पहिल्या वेळीं थिएटरांतून बाहेर पडतांना माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ आणि मी, दोघेही जिन्यापर्यंत एक शब्द बोललों नाहीं. दुसऱ्या वेळीं लोक मोटारींच्या किल्ल्या चांचपीत उठले.

१९२० सालची 'सैरंध्री' आज कोठेंच पाहावयास मिळत नाहीं. माझ्यापाशीं आहे ती आजोबांची. अगदीं म्हातारपणींसुद्धां आम्हीं विचारलें कीं ते खाटेवर उठून बसत, समोरच्या भिंतीकडे बोट करीत, आणि भीम कोणत्या बाजूनें आला तें दाखवीत.