काढा पोटात गेल्यावर काय व्हायला हवं?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावरचे दोघेतिघे मध्यंतरी भेटले. प्रत्येकाचा प्रश्न फिरून एकच: जुन्या वैद्यकग्रंथावर काम करायचं तर त्यातून नक्की काढायचं काय? औषधं कुठली होती, हे? की ती लागू पडायची का, हे? मी तिसराच प्रश्न सुचवतो. काढा घेतल्यावर रोग्यानं कशाची वाट बघावी, असं ग्रंथ सांगतो? हे सुचायला मला दीड वर्ष लागलं. तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून लिहितोय.

माझ्यासमोरचा ग्रंथ चिनी आहे, ‘शांगहान लुन’. थंडीच्या बाधेनं येणाऱ्या तापांवरचा. हान राजवट कोसळत होती त्या काळात, इ.स. २०० च्या आसपास, झांग झोंगजिंगनं तो लिहिला असं मानतात. प्रस्तावनेत तो सांगतो की आमचं कुळ दोनशेहून जास्त माणसांचं. दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्यांपैकी दहात सात या तापांनी. (ही प्रस्तावना सगळी त्याचीच का, यावर वाद आहे. तेही टिपून ठेवा.) मूळ प्रत उरलेली नाही. तिसऱ्या शतकात वांग शुहेनं विस्कटलेला मजकूर लावला, १०६५ मध्ये सोंग दरबाराच्या संपादकांनी तो छापला, ती छापील प्रतही हरवली. आज अभ्यासक प्रामुख्यानं वापरतात ती १५९९ च्या पुनर्मुद्रणावरून आलेली संहिता. तेव्हा ‘झांग म्हणतो’ असं लिहिताना पेन जरा अडखळलं पाहिजे.

यातला पहिला काढा ग्वेझी थांग. दालचिनीच्या जातीतल्या एका झाडाच्या कोवळ्या फांद्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि बारा चिनी बोरं. पाचच जिनसा. मी काय केलं? एक्सेल उघडलं, जिनसांचे रकाने पाडले, मापं भरली. फांद्या ३ ल्यांग. आता ३ ल्यांग म्हणजे किती? सापडलेल्या हान काळच्या वजनांवरून एक ल्यांग साधारण १५ ग्रॅम पडतो. पण सोळाव्या शतकात ली शिझेननं लिहून ठेवलं की जुना एक ल्यांग म्हणजे आताचा एक छ्येन धरावा, आणि आजचे बरेच वैद्य त्याच हिशेबानं ३ ग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे एकाच काढ्यात फांद्या ४५ ग्रॅम किंवा ९ ग्रॅम! या एका रकान्यावर मी महिने घालवले. वाया गेले असं म्हणणार नाही, पण जिनसांच्या खालचा मजकूर तेव्हा वाचायचाच राहिला.

खाली काय आहे ते बघा. सात मापं पाण्यात मंद आचेवर उकळून तीन मापं उरवायचं, गाळायचं, एक माप कोमट प्यायचं. थोड्या वेळानं वर गरम, पातळ पेज प्यायची, म्हणजे औषधाला जोर येतो. मग दोनेक तास पांघरूण घेऊन पडायचं. अंगभर हलका ओलावा सुटला तर उत्तम. घामाच्या धारा लागता कामा नयेत, नाहीतर दुखणं जायचं नाही. पहिल्याच मात्रेत घाम येऊन बरं वाटलं तर उरलेला काढा घ्यायचा नाही. घाम आलाच नाही तर पुन्हा घ्यायचा, मग दोन मात्रांमधलं अंतर कमी करायचं. दुखणं जड असेल तर दिवसरात्र देत राहायचं आणि पाळत ठेवायची. पथ्यही आहे: कच्चं, थंड, चिकट, मांस, दारू बंद.

अनुपान आणि पथ्य हे शब्द घरात ऐकत वाढलेल्या आपल्याला हे लगेच कळतं. पण म्हणून घाईनं ‘आपल्याकडेही असंच’ असं लिहू नका. आजीची पेज आणि ही पेज यांत नातं दाखवायचं तर वेगळा पुरावा लागेल.

माझी खरी चूक पुढे झाली. माह्वांग थांगच्या खाली लिहिलंय: पांघरूण घेऊन हलका घाम आणा, पेज नको, बाकी ग्वेझीसारखंच. अशा ‘तसंच’वाल्या नोंदी आणखीही आहेत. माझ्या तक्त्यात त्या रिकाम्या गेल्या, आणि मी ऐटीत निष्कर्ष काढला की रोग्याची एवढी तपशीलवार काळजी मोजक्याच काढ्यांत दिसते. गाईडनी एवढंच विचारलं, “तसंच म्हणजे कसं, ते कुठे भरलंयस?” अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं. कलमांचे तुकडे करून तक्त्यात टाकणार असाल, तर कुठला तुकडा कुठल्या तुकड्याकडे बोट दाखवतो याचा रकाना आधी करा.

बरं, औषधानं उलटंच झालं तर? तेही ग्रंथानं धरलेलं आहे. ग्वेझी घेऊन तगमग वाढली तर मानेच्या मागच्या ठरावीक जागी सुया टोचून मग पुन्हा तोच काढा द्यायचा. माह्वांग घेतल्यावर कुणाला अस्वस्थ वाटतं, डोळे मिटतात, फारच झालं तर नाकातून रक्त येतं आणि मग दुखणं सुटतं. इथे सावध व्हा. बरं वाटलं तरी औषधाचा गुण आणि बिघडलं तरी औषधाचाच गुण, अशी मांडणी असेल तर त्या वाक्यावरून परिणाम सिद्ध होत नाही. पण दुसरी बाजूही आहे. आधीच्या वैद्यानं चुकून जुलाब दिले, नको तेवढा घाम काढला, आणि आता रोगी बिघडलाय, अशा प्रसंगांवर यात कितीतरी कलमं आहेत. उपचार फसतात हे गृहीत धरूनच लिहिलेलं पुस्तक आहे हे.

कृतीची ओळ वगळली की काय हुकतं, याचं उदाहरण आपल्याच काळातलं आहे. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या तातडीच्या औषधांच्या पुस्तकात हिवतापावर छिंगहाओ ही वनस्पती आहे: मूठभर घ्यायची, पाण्यात भिजवायची, पिळून रस प्यायचा. उकळायचं म्हटलेलं नाही. हिवतापावरच्या औषधासाठी चीननं १९६७ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात थू योयो काम करत होत्या आणि त्यांच्या अर्काचे निकाल एकसारखे येत नव्हते. त्यांच्याच सांगण्यानुसार, ही ओळ वाचून उष्णतेनं गुण जात असावा अशी शंका त्यांना आली. मग कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून काढलेला अर्क ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांवर पूर्ण लागू पडला. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ मध्ये नोबेल. वनस्पतीचं नाव जुन्या पुस्तकांत अनेकांनी वाचलं असेल. पिळण्याची ओळ मात्र जिनसांच्या यादीत येत नाही.

आणि ‘किती जण बरे व्हायचे’ याचं उत्तर हवंच असेल, तर ते काढ्यांच्या पुस्तकात शोधू नका. रोग्यांच्या नोंदी उघडा. सिमा छ्येनच्या इतिहासात इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातला वैद्य छुन्यू यी याच्या पंचवीस नोंदी आहेत. त्यातले बरेच रोगी दगावतात, आणि नाडी बघून यानं ते आधीच सांगितलेलं असतं. तुझं कधी चुकतं का, असं विचारल्यावर तो चुकतं म्हणून कबूल करतो. पुढचं प्रकरण मी त्याच्यावर लिहितोय. तक्ता अजून उघडलेला नाही.