कालव्याकाठची पागा

कालवा म्हटला म्हणजे आपल्याकडे शेताला जाणारे पाणी डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या दृष्टीने मात्र कालवा हा प्रथमपासूनच रस्ता होता. १७६९ साली वेन्सबरीच्या खाणींतील कोळसा नावांतून या शहरात येऊ लागला आणि त्याचा भाव पाहता पाहता उतरला. या नावा जेमतेम सात फूट रुंद व सुमारे सत्तर फूट लांब असत. त्यांना ना शीड, ना वल्ही. काठावरच्या पायवाटेने एक घोडा दोर ओढीत चाले आणि त्यामागे पंचवीस-तीस टन माल निमूटपणे येई. खडबडीत सडकेवर त्याच घोड्याला दोन टनही जड गेले असते. जेथे बोगद्यात पायवाट नसे, तेथे घोड्याला टेकडीवरून नेत आणि नावाडी पाठीवर उताणे पडून, बोगद्याच्या भिंतींना पाय लावून नाव पुढे ढकलीत.

ब्रिंडली आणि टेलफर्ड या स्थापत्यकारांची नावे इतिहासात राहिली. घोड्याची आठवण ठेवली ती विटांनी. ठिकठिकाणच्या जलद्वारांपाशी आणि धक्क्यांवर लहान पागा उभ्या राहिल्या. त्यांची बांधणी साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. खाली निळसर, कठीण स्टॅफर्डशायर विटांची फरसबंदी, पाणी व मूत्र वाहून जाण्यास तिच्यात उतार. वर गवताचा माळा आणि तेथून गवत थेट गव्हाणीत टाकण्याची सोय. हवा खेळावी म्हणून छपराखाली झरोके आणि दाराला वरखाली दोन फळ्या. दाराच्या कडेच्या विटा मुद्दाम गोलसर घडविलेल्या, म्हणजे थकलेल्या जनावराचे अंग आत येता-जाता खरचटू नये. हा कनवाळूपणा होता की घोड्याच्या किमतीचा हिशेब, हे विटा सांगत नाहीत; बहुधा दोन्ही असावेत. चंदी मात्र पागेतच मिळे असे नाही. पुष्कळ घोडे तोंडाला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यातून चालता चालताच खात.

या परंपरेतील सर्वांत देखणी इमारत बर्मिंगहॅमच्या शीपकोट रस्त्यावर, कालव्याला लागून आहे. महानगरपालिकेने ती १८७४ साली बांधविली. तिचा आराखडा डब्ल्यू. एच. वॉर्ड या वास्तुशिल्पकाराचा. लोक तिला ‘राउंडहाउस’ म्हणतात, परंतु ती पुरती गोल नाही. घोड्याच्या नालाच्या आकाराची आहे. पागेला याहून शोभणारा आकार कोणता? खरे पाहता येथील घोडे नावा ओढीत नसत. ते शहराच्या रस्तेदुरुस्तीच्या गाड्यांना जुंपले जात. पण रस्त्यासाठी लागणारे दगडगोटे कालव्यानेच येत, म्हणून पागा आणि कोठार एकाच वास्तूत, पाण्याच्या कडेला आले.

रेल्वेने कालव्यांचा व्यापार हिरावला, तरी घोडे लगेच गेले नाहीत. १९१२ पासून नावांत तेलाची इंजिने बसू लागली. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले. १९६२–६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि मरणपंथाला लागलेली वाहतूक त्या थंडीतून फारशी सावरली नाही. पागा ओस पडल्या. बुटक्या, अरुंद दारांच्या आणि मोटाररस्त्यापासून दूर असलेल्या या इमारतींना नवा धनी मिळणे कठीणच होते. काहींचा माळा खाली आला, काहींच्या भिंतींतून झाडे उगवली, काही पाडल्या गेल्या. राउंडहाउसचेही बरेचसे दालन दीर्घ काळ बंद पडून होते. नॅशनल ट्रस्ट आणि कालव्यांची देखरेख करणारा न्यास यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला व २०२१ साली ती लोकांसाठी उघडली.

लहान पागांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. त्या जेथे मुळापासून गेल्या आहेत, तेथेही जवळच्या पुलाच्या कडेचे लोखंड निरखून पाहावे. ओल्या, रेती माखलेल्या दोरांनी वर्षानुवर्षे घासून त्यात बोट बसेल एवढ्या खोल खाचा पाडल्या आहेत.