हवामानबदल आणि इतिहासाची कालमर्यादा

फ्रेंच इतिहासकार ल रॉय लादुरी यांनी १९६७ मध्ये सहस्र वर्षांच्या हवामानाचा इतिहास लिहिला. द्राक्षतोडणीच्या नोंदलेल्या तारखा हे त्यांचे एक प्रमुख साधन. हवामानाचे मानवी परिणाम मात्र त्यांना अल्पच वाटले. पुढे २००९ च्या निबंधात दीपेश चक्रवर्ती यांनी मनुष्यजात स्वतःच भूवैज्ञानिक शक्ती बनल्याचे प्रतिपादन केले. निसर्गाचा व मानवाचा इतिहास वेगळा ठेवणे त्यामुळे कठीण झाले. डेव्हिड आर्चर यांचा ‘द लाँग थॉ’ हा ग्रंथ तर पुढील एक लाख वर्षांचा विचार करतो, कारण जाळलेल्या कोळशातील कार्बनचा काही अंश इतका दीर्घकाळ वातावरणात टिकतो. प्रस्तुत लेखकास खरी अडचण येथे जाणवते. औद्योगिक क्रांतीचा कालखंड आपण वर्गात १७६० ते १८४० असा सांगतो. आर्चर वाचल्यानंतर त्यातील दुसरे साल फळ्यावर लिहिताना हात अडखळतो.