भोपाळचे पाणी : दृश्य आणि अदृश्य
भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातील वर्दळ पाहताना पाणी हीच या शहराची वडिलोपार्जित दौलत आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीस बांध घालून मोठा तलाव निर्मिला, अशी परंपरा आहे. आजही शहर त्याचे पाणी पिते. १७९४ साली दिवाण छोटे खान याने त्याखाली छोटा तलाव बांधविला.

भूगर्भजलाचे दैव मात्र निराळे. युनियन कार्बाईडच्या आवारात टाकलेली विषद्रव्ये जमिनीत झिरपली आणि भोवतालच्या वस्त्यांतील विहिरी व हातपंप दूषित झाले. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर वीस वर्षांनी, २००४ साली, तेथे शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला.

विद्यार्थ्यांस भोजराजाचा तलाव शिकविताना हा दुसरा अध्यायही सांगणे, हे आपणां शिक्षकांचे कर्तव्य होय.