सदरमधले गॉथिक

‘कॅथीड्रल’ म्हणजे भव्य चर्च, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रल पाहायला गेलेला पर्यटक बहुधा थोडा हिरमुसतोच. पॅरिस किंवा कलोनची छायाचित्रे डोळ्यांपुढे ठेवून तो आलेला असतो, आणि समोर उभी असते ती झाडांच्या सोबतीतली एक बेताची वास्तू. वस्तुतः कॅथीड्रल हे नाव आकारावरून पडत नाही. ज्या चर्चमध्ये त्या धर्मप्रांताच्या बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘आसन’ असा आहे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोरा कितीतरी उंच, पण ते कॅथीड्रल नाही. फोर्टमधले सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि कॅथीड्रल झाले ते १८३७ मध्ये, मुंबईला बिशप आल्यावर. तेव्हा अशा वास्तूकडे जाताना उंची मोजण्याऐवजी सनावळी पाहावी, असे आम्हांस वाटते. नागपूरच्या बाबतीत तर ती फारच बोलकी आहे.

१८५१ साली हे चर्च बांधले गेले तेव्हा नागपूर इंग्रजांचे नव्हते. निदान कागदोपत्री नव्हते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता रेसिडेंटच्या छायेखाली गेली होती, कामठीला छावणी पडली होती, पण गादीवर तिसरे रघूजी होते. त्यांचे निधन डिसेंबर १८५३ मधले, आणि वारस नामंजूर करून राज्य खालसा झाले १८५४ मध्ये. म्हणजे राज्य जाण्याच्या तीन वर्षे आधीच परक्या धर्माची दगडी वास्तू इथे उभी होती. छावणीचे तंबू उचलता येतात. चर्च बांधणाऱ्यांचा परत जाण्याचा विचार नसतो. इतिहासाच्या पुस्तकात १८५४ हे वर्ष ठळक छापतात. आम्ही मात्र वर्गात १८५१ चाही उल्लेख करतो. (आमची वर्धा नगरी वसली १८६६ मध्ये, हे चर्च तिच्याहून पंधरा वर्षांनी वडील आहे, याची वर्धेकरांना सहसा कल्पना नसते.)

त्याचा आराखडा रिचर्ड सँकी या लष्करी अभियंत्याचा. वय जेमतेम बावीस. पुढे हाच सँकी म्हैसूर संस्थानात गेला. बेंगळुरूची ‘अठरा कचेरी’ त्याची, आणि तिथला प्रसिद्ध तलाव आजही त्याचे नाव चालवतो. गंमत अशी की बेंगळुरूची ती कचेरी ग्रीक-रोमन धर्तीच्या खांबांची आहे. एकच माणूस देवघर गॉथिकमध्ये बांधतो आणि दफ्तरखाना रोमन थाटात. आपल्याकडे कीर्तनाची भाषा वेगळी आणि बखरीची वेगळी, तसेच हे. शैली ही त्या काळच्या अभियंत्याला प्रसंगानुसार उचलायची भाषा होती.

आणि ती भाषाही फार जुनी समजू नये. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठातील गर्भागार ११४४ मध्ये सिद्ध झाले. गॉथिकचा आरंभ साधारण तेथून मानतात. पण सोळाव्या शतकापर्यंत ती शैली मागे पडली, आणि ‘गॉथिक’ म्हणजे रानटी गॉथ लोकांची, हे नावही प्रबोधनकाळातील इटालियनांनी हेटाळणीने दिले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने ती पुन्हा उचलली. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या समाजाला एक श्रद्धाळू, कारागिरांचे मध्ययुग हवे होते. पुजिन आणि रस्किन यांनी त्याला तत्त्वज्ञान पुरवले, आणि त्याची गोडी सामान्य वाचकाला लावली ती वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी. (मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा व राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट वेगळा. त्याने भारतात पाऊलही न ठेवता इमारत दिली.)

मराठीच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये ग्रंथरूप झाली. आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण ती शिकवतो. शिवकाल खरा, गड मात्र कल्पनेतला. नागपूरच्या चर्चला मोठे रूप मिळाले ते १८७९ च्या सुमारास. सत्ता घट्ट झालेल्या इंग्रजाने आपले मध्ययुग दगडात उभारले. सत्ता गमावलेल्या मराठी माणसाने आपले मध्ययुग कागदावर उभारले. दोहोंच्या मागे स्कॉटने घडवलेली एकच अभिरुची काही अंशी तरी आहे, कारण इंग्रजी शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढ्यांच्या हाती स्कॉट होताच. कादंबरी आणि कमान एकाच तासात शिकवता येतील, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

कमानीवरून आठवले. टोकदार कमान दिसली की ‘हे विलायती’ असा शेरा मारण्याची आपल्याला सवय आहे. तिचा फायदा साधा आहे: अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते, टोकदार कमान मात्र रुंदी न वाढवता हवी तितकी उंच नेता येते आणि तिचा रेटाही बाजूच्या भिंतींवर कमी पडतो. म्हणून भिंती हलक्या करून त्यांत रंगीत काचांच्या खिडक्या बसवता येतात. पण ही कमान युरोपने शोधली, असे कोणी म्हणू नये. तेथे गॉथिक येण्यापूर्वी ती इस्लामी जगात रूढ होती. लंडनचे सेंट पॉल बांधणारा क्रिस्टोफर रेन तर या शैलीला ‘सारासेनी’ म्हणावे, असे स्पष्ट सांगत होता. वऱ्हाडात नरनाळ्याच्या किल्ल्याचा बहमनी काळातला महाकाली दरवाजा पंधराव्या शतकाचा. त्याखालून गेलेल्या माणसाला टोकदार कमान नवी नव्हती. सँकीच्या गवंड्यांनाही ती नवी वाटली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१८७९ चे वाढीव काम जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या इंग्लंडमधील नामांकित वास्तुकाराच्या आराखड्यानुसार झाले. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील विशाल राष्ट्रीय कॅथीड्रलचा १९०७ मधला मूळ आराखडाही त्याचाच, हेन्री व्हॉनसह केलेला. सदरच्या दाराशी उभे असताना हे ठाऊक असले तर बेताच्या वास्तूकडे पाहण्याची नजर बदलते.

मग १९०३. त्या वर्षी नागपूर हा अँग्लिकन पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आयर चॅटरटन पहिला बिशप म्हणून आला, आणि चर्चचे कॅथीड्रल झाले. त्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. प्रशासन आणि धर्मसत्ता एकाच वर्षी आपापल्या हद्दी आखून घेत होत्या. हा चॅटरटन लिहिता होता. गोंडवनाच्या इतिहासावरील त्याचे पुस्तक १९१६ चे.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. मराठी साहित्यातील ख्रिस्ती धारा या दारातून आलेली नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ असो की लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, त्यांचा उगम मिशनच्या लहान घरांत, शाळांत, नगरसारख्या गावांत आहे. रेव्हरंड टिळकांचा नागपूरशी संबंध आला तो बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये मुंबईत, तोही अमेरिकन मिशनकडे. पुढे त्यांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरीजवळ टाकळघाट लागते. १८४५ पासून नागपुरात राहिलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप तिथली शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ओढ्याच्या पुरात बुडाला. त्याचे नाव एका खनिजाला आणि एका महाविद्यालयाला आहे. गोंडांविषयीची त्याची टिपणे त्याच्यामागे १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. हिस्लॉप प्रेस्बिटेरियन, बिशप आणि त्याचे आसन या कल्पनाच त्याच्या पंथाला अमान्य. टिळकांचेही तेच. विदर्भाचा आणि मराठीचा खरा अभ्यास ज्यांनी केला त्यांतले बरेच जण कॅथीड्रलच्या बाहेरचे होते, हे पर्यटकाला दगड सांगत नाहीत.

ही फट सांधली गेली ती स्वातंत्र्यानंतर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादी सहा मंडळ्या एकत्र आल्या. बॉडलीच्या छताखाली मग हिस्लॉपच्या पंथाची लेकरेही हक्काने बसू लागली. जायचे असेल तर रविवारच्या उपासनेची वेळ टाळून जावे, किंवा त्या वेळीच जाऊन मागच्या बाकावर गप्प बसावे. कॅमेरा पिशवीत ठेवावा.